लाभ, दोन, तीन

"तुमच्याकडे गाई किती आहेत?" एवढंच मी विचारलं होतं. केनियातल्या लोइताच्या डोंगरात, दिवस कलताना, काटेरी कुंपणाच्या दाराशी एक म्हातारे मसाई गृहस्थ बुटक्या लाकडी तिवईवर बसले होते. गुरं परत यायची वेळ झाली होती, आणि नुसतं गप्प बसणं बरं दिसत नाही म्हणून मी बोलायला काहीतरी काढलं. बरोबरच्या तरुण वाटाड्याने माझं वाक्य लगेच मसाईंच्या मा भाषेत सांगितलं नाही. क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहिलं, मग खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटला. आजोबांनी मान वर केली नाही. पायाजवळची गवताची काडी उपटून दातांत धरली, अंगावरची लाल शुका, म्हणजे पांघरायचं कापड, खांद्यावर ओढून घेतली आणि दूर उतारावर उठणाऱ्या धुळीकडे ते पाहत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी वाटाड्याला उलट काहीतरी विचारलं. "ते विचारतायत, तुमच्या गावाकडे पाऊस झाला का?" झाला म्हणाले मी, यंदा बरा झाला. त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि बोलणं पावसावर, गवतावर, मुलाबाळांवर गेलं. माझा प्रश्न तिथेच पडून राहिला.

तो मला अजून टोचतो.

या डोंगरात येण्याआधी दोन दिवस मी मसाई मारामध्ये होते. पुण्या-मुंबईचे आम्ही चौदा जण, जुलै-ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात ते बघायला गेलेलो. सहलीच्या कार्यक्रमात एका दुपारी 'मसाई गाव' होतं. माणशी ठरलेले पैसे ड्रायव्हरच्या हातात दिले आणि फाटकातून आत गेलो. ओळीने उभी तरुण मुलं, लाल-निळ्या चौकटीच्या शुका, काठ्या. उड्या मारून झाल्या, दोन लाकडं घासून विस्तव करून झाला, एका घरात डोकावून झालं, आणि शेवटी आम्हाला मण्यांच्या बाजारात नेऊन सोडलं. आमच्यातल्या एका काकूंनी एका माळेची किंमत घासाघीस करून निम्म्यावर आणली आणि गाडीत बसल्यावर ती सगळ्यांना दाखवली. विकणारी बाई माझ्या आईच्या वयाची होती. तिने माळ कागदात गुंडाळून दिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. आम्ही दिलेल्या पैशातला मोठा वाटा गावात पोचतच नाही हे मला त्याच रात्री कळलं. त्या दुपारचे माझ्या फोनवर दोनशे बारा फोटो होते, आणि त्यातल्या एकाही माणसाचं नाव मला ठाऊक नव्हतं.

तरीही त्या दुपारला खोटी म्हणायला माझं मन धजत नाही. ढोल नाही, ताशा नाही, नुसत्या गळ्यांवर चाललेलं ते गाणं. एक जण चाल उचलतो, बाकीचे घशातून खोल, खर्जातला हुंकार भरत राहतात, आणि त्या लयीवर एकेक जण पुढे येऊन ताठ उभा उसळतो. टाच जमिनीला लागू द्यायची नाही. एक सडपातळ मुलगा असा उसळत होता की तिसऱ्या-चौथ्या उडीनंतर तो आम्हाला विसरला. गाणाऱ्यांचा आवाज वर चढला, त्यांच्यातलाच कोणी ओरडला, आणि तेवढे काही क्षण तिथे परके आम्हीच होतो. पोट भरायला कला दाखवणं यात कमीपणा कसला? कमीपणा बघणाऱ्याच्या घाईत असतो. आम्हाला पुढे सूर्यास्त गाठायचा होता.

मंडळी परतली आणि मी चार दिवस मागे राहिले. नैरोबीतल्या एका ओळखीच्या बाईंनी लोइतातल्या या कुटुंबाशी बोलून ठेवलं होतं. नारोकपासून नारोसुरा, तिथून पुढे चढण. धुळीची पठारं मागे पडली आणि हवा गार झाली. वाटाड्याने गाडीतच दोन-तीन गोष्टी सांगून ठेवल्या. फोन पिशवीत ठेवा, काढायचा असेल तेव्हा मला विचारा, मी त्यांना विचारीन. मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटू नका, काही द्यायचं तर घरच्या बाईच्या हातात द्या, साखर-चहापत्ती चालेल. मोठ्या बायकांनी 'ताक्वेन्या' म्हटलं की 'इको' म्हणायचं. पुरुषांचा 'सोपा' वेगळा, त्याचं उत्तर 'एपा'. मी वाटभर ते चार शब्द घोकत होते. पोचल्यावर पहिल्यांदा पुढे आली ती मुलं. हात पुढे न करता त्यांनी मान खाली घातली आणि डोकं माझ्यापुढे धरून थांबली. मी क्षणभर गोंधळले. मोठ्याने टाळूवर हात ठेवायचा असतो, मग मूल सरळ होतं. केस बारीक कापलेली, उन्हाने तापलेली ती डोकी एकामागून एक माझ्या तळव्याखालून गेली. सगळ्यात धाकटी मुलगी दुसऱ्यांदा रांगेत आली.

घर बाईचं असतं इथे. म्हणजे अक्षरशः तिचं, कारण ते तीच बांधते. फांद्यांचा सांगाडा, त्यावर माती, शेण, गवत, राख. दार गोगलगायीच्या कवचासारखं वळण घेऊन आत जातं, त्यामुळे वारा आणि उजेड दोन्ही दारातच अडतात. वाकून आत शिरले तर काळोख, मधोमध विस्तव, डोळ्यांत धूर, आणि नाकात तो वास. माणदेशातल्या आजीच्या घराचा वास. सारवलेल्या भुईचा, गोवऱ्यांच्या धुराचा, जवळच बांधलेल्या वासराचा. इथेही लहान वासरं रात्री घरातच असतात, माणसांच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर. आजीचं ते घर पडून वीस वर्षं झाली. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, जिची भाषा मला येत नाही अशा बाईच्या घरात बसून मला इतकं भरून येईल असं वाटलं नव्हतं. डोळे पुसले तेव्हा तिने धुरामुळे असेल समजून विस्तवातलं एक लाकूड मागे ओढलं.

तिने आधी चहा दिला, दुधाचाच, खूप साखरेचा. त्यालाही 'चाय'च म्हणतात. मग कोपऱ्यातला लांब मानेचा तुंबा उचलला. वाळलेल्या भोपळ्याचा, वर चामड्याचं झाकण, अंगावर मण्यांची नक्षी. तो धुवायची रीत तिने मुद्दाम दाखवली. रानटी ऑलिव्हची, ज्याला मसाई ओलोइरिएन म्हणतात त्याची, पेटती काडी आत घालून गरागरा फिरवायची, निखारा भिंतीला घासत न्यायचा, मग ताडाच्या काडीच्या कुंचल्याने कोळसा झाडून काढायचा. त्या तुंब्यातलं दूध थोडं आंबटसर, थोडं धुरकट लागलं. माझ्या शेजारी बसलेल्या वाटाड्याने लगेच पेला उचलला नाही. बाहेरून त्याच्या बरोबरीचा एक जण आत आला तेव्हा दोघांनी मिळून प्यायले. लढवय्यांच्या वयोगटात असताना एकट्याने दूध प्यायचं नाही, सोबतीला कोणीतरी हवंच, असा त्यांच्यात नेम आहे. तो वयोगट आता त्याच्या मागे पडलाय, पण सवय राहिली. "एउनोतोला आईने माझे केस उतरवले," तो म्हणाला. लढवय्येपणातून थोरपणाकडे जायची वाट मोकळी करणारा तो विधी. वर्षानुवर्षं वाढवलेले, गेरूने रंगवलेले केस आई भादरते. "मी रडलो. सगळेच रडतात." २०१८ साली युनेस्कोने हा विधी, त्याच्या आधीचा एंकिपाता आणि नंतरचा ओल्न्गेशेर असे तिन्ही तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत घातले. त्याला ते माहीत होतं. त्याच्या बोलण्यात मात्र यादी नव्हती, आईच्या हातातलं पातं होतं.

त्याच रात्री तंबूकडे चालत जाताना मी त्याला विचारलं, संध्याकाळी माझं काही चुकलं का? तो बॅटरीचा झोत पायाखाली धरून थोडा वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "आम्ही जित्याला मोजत नाही. गुरांना नाही, पोरांना नाही. मोजलं की कमी होतात." मसाईंना आकडे येत नाहीत असं मात्र कुणी समजू नये. बोटांच्या खुणांनी आकडे दाखवायची त्यांची स्वतःची पद्धत आहे, बाजारात ते चोख हिशेब करतात. पण दारातल्या गाई म्हणजे हिशेब नव्हे. त्यांच्या देवाने, एंकायने, आभाळातून चामड्याच्या वादीवरून खाली सोडलेल्या त्या गाई. दुसऱ्याने दिलेलं असं किती आहे हे कोण विचारतं?

तंबूत पडल्यावर झोप येईना, आणि मग आजी आली. खळ्यावर ज्वारीची रास, आजोबा पायलीने धान्य पोत्यात ओतताहेत, आणि आजी बाजूला बसून मोजतेय. "लाभ." पहिल्या पायलीला ती कधीही 'एक' म्हणाली नाही. लाभ, दोन, तीन, चार. मी लहानपणी विचारलं होतं, एक का नाही गं म्हणायचं? "एक म्हटलं की एकावरच राहतंय बाय." आणि आजोबा. गावात पाहुणा आला, दावणीला किती जनावरं म्हणून त्याने विचारलं, की ते म्हणत, "आहेत देवाच्या दयेनं दोन-चार शेपट्या." दावणीला अकरा होती तेव्हासुद्धा. मी त्यांना एकदा पाहुण्यासमोर दुरुस्त केलं होतं. "अकरा आहेत की!" आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते अंगणापलीकडे कुठेतरी बघत राहिले होते. लोइतातल्या म्हाताऱ्याची ती नजर मी आधी कुठे पाहिली होती ते मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोइतातल्या आजोबांजवळ जाऊन बसले. काही विचारलं नाही. ते काठी तासत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी आपण होऊनच दुष्काळाचं काढलं. २०२२ चा. पाऊस आलाच नाही, गवत संपलं, पोरं गुरं घेऊन लांब लांब गेली, वाटेत गुरं बसायची ती उठायची नाहीत. शेपटीला धरून, पोटाखाली काठ्या घालून उभी करायची, पुन्हा बसायची. आणि मग ते म्हणाले, "सदतीस." वाटाड्याने तो आकडा सांगितला आणि माझ्याकडे पाहिलं. मेलेल्यांना मोजायला हरकत नसते. त्यांचं आता आणखी काही वाईट व्हायचं नसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मसाईंच्या चालीरीती ज्यांनी टिपून ठेवल्या त्यांच्याही नोंदीत हे आहे, पण नोंद वाचणं वेगळं आणि जित्या गाईंचा आकडा ओठावर येऊ न देणाऱ्या माणसाच्या तोंडून तो 'सदतीस' ऐकणं वेगळं. त्यांनी नुसता आकडा सांगितला नाही. एकेक सांगितली. कुठली नदीपाशी बसली, कुठली चढावर. मी त्यांना आमच्याकडच्या चारा छावण्यांबद्दल सांगितलं. २०१२-१३ च्या दुष्काळात माणमध्ये माणसं आपल्या जनावरांसोबत महिनोन्‌महिने उघड्यावर पालं ठोकून राहिली, तिथे माझा मामाही होता, दोन खिल्लार बैल आणि एक गाय घेऊन. आजोबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामा गाईजवळच झोपायचा ना?" हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, जणू आता मामाची ओळख पटली.

मोजणारे इथे पूर्वीही येऊन गेले आहेत, आणि त्यातल्या एका गोष्टीत आपल्याकडची माणसंही नकळत गुंतली आहेत. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा रेल्वेमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला तो हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांनी. त्यातले जवळपास अडीच हजार तिथेच मेले. मार्ग झाला आणि त्याच्या दुतर्फाची उत्तम कुरणं गोऱ्या वसाहतवाल्यांना हवीशी झाली. १९०४ चा करार झाला, मसाईंना रिफ्ट व्हॅलीतल्या कुरणांवरून हलवून उत्तरेला आणि दक्षिणेला दोन राखीव तुकडे दिले गेले. मसाई जमात अस्तित्वात आहे तोवर हा करार पाळला जाईल, असं त्यात लिहिलं होतं. सातच वर्षांनी, १९११ मध्ये, उत्तरेचा तुकडा, लाइकिपिया, काढून घेतला आणि माणसं-गुरं दक्षिणेकडे चालवत आणली. ओले न्जोगो नावाचे मसाई आणि त्यांचे सोबती १९१३ मध्ये न्यायालयात गेले. हा दोन सत्तांमधला तह आहे, इथल्या न्यायालयाला तो तपासता येत नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं. सीमेपलीकडे टांझानियात मसाईंना १९५९ मध्ये सेरेंगेटी सोडावं लागलं. 'सेरेंगेटी' हा शब्दच मुळी मा भाषेतला, संपत नाही अशा माळाचा. आणि २०२२ च्या जूनमध्ये तिथल्याच लोलिओंडोत दीड हजार चौरस किलोमीटरच्या राखीव क्षेत्राच्या हद्दीचे खांब रोवताना गोळीबार झाला, कित्येक कुटुंबं रात्रीतून सीमा ओलांडून नारोककडे आली. लोलिओंडो आजोबांच्या कुंपणापासून फार दूर नाही. तिकडे त्यांच्या बहिणीचं घर होतं. 'होतं' हा शब्द वाटाड्याने वापरला, मी पुढे विचारलं नाही.

सगळंच मला पटलं असं नाही. मुलींची सुंता हा विषय त्या बाईच्या घरातच निघाला, तिच्या थोरल्या मुलीनेच काढला. केनियात २०११ च्या कायद्याने तिच्यावर पूर्ण बंदी आहे, तरी ती थांबलेली नाही. थोरलीची झाली होती. "धाकटीची नाही करणार," आई म्हणाली, आणि हे ती माझ्यासाठी बोलत नव्हती, विस्तवाकडे बघून बोलत होती. कुठे कुठे आता पातं न लावता, आशीर्वाद देऊन, शिकवण देऊन मुलीला मोठी करायचा विधी करतात. या घरात काय होईल ते तिच्यावर आणि तिच्या नवऱ्याच्या भावांवर आहे. मी तिथे पाहुणी होते. माझ्या मताची तिला गरज नव्हती, आणि माझं मत मी लपवलंही नाही, एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडून एक गळपट्टा घेतला. तांबडे, पांढरे, निळे मणी, एकात एक वर्तुळं. तिने सांगितली ती किंमत मी फोनवरून तिच्या एम-पेसावर पाठवली. पैसे आल्याचा मेसेज तिने दोनदा वाचला आणि फोन शुकात खोचला. मग माझ्या गळ्यात तो स्वतः बांधून, लांब जाऊन बघून, पुन्हा जवळ येऊन अर्धा बोट सरकवला. तेव्हा तिने स्वतःच खूण केली, आता फोटो काढ. तो एकच फोटो लोइतातला माझ्याकडे आहे.

त्या संध्याकाळी मी पुन्हा दारापाशी होते. गुरं येताना दिसायच्या आधी ऐकू येतात. घंटांचा आवाज, पोरांच्या शिट्ट्या, मग धूळ, मग शिंगं. आजोबा तिवईवरून उठले आणि दाराच्या फटीत काठी टेकून उभे राहिले. गाई त्यांच्या अंगाला घासून आत जायला लागल्या. तांबडी, करडी, बांडी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, एक शिंग खाली वळलेली. ते जाणारीच्या पाठीला बोटं लावत होते, एखादीला दोन शब्द बोलत होते. ओठ मोजण्यासारखे हलत नव्हते. कळप आत गेला, पोरं हसत-ढकलत मागून आली, कोणीतरी काट्याची फांदी ओढून दार लावायला घेतलं. आजोबांनी काठी आडवी धरली आणि एक शब्द उच्चारला.

पोरांचं हसणं थांबलं.

एक गाय आली नव्हती. गाभण होती, दिवस भरत आलेली. लोइताच्या अंगाला जे दाट रान आहे त्याचं नाव नायमिना एंकियो, हरवलेल्या पोरीचं रान. वासरांमागे एक मुलगी त्यात शिरली ती परत आली नाही, अशी त्याची गोष्ट आहे. काळोख पडत होता आणि त्या दिशेला तरस ओरडत होते. वाटाडा आणि दोन मुलगे भाले घेऊन, शुका कमरेला आवळून निघाले. आजोबा बसले नाहीत. घरातून बाईने चहा पाठवला, तो त्यांच्या हातात गार झाला. दुधं काढून झाली, विस्तव लागले, आकाशात इतक्या चांदण्या उगवल्या की मी मान वर करून बघितलं आणि मग खाली घातली. तासभर गेला असेल, कदाचित दोन.

घंटा आधी आजोबांना ऐकू आली. मला बऱ्याच उशिरा. गाय अंधारातून सावकाश आली, मधूनमधून हंबरत, आणि तिच्या पुढे धाकटा मुलगा चालत होता, खांद्यावर ओलं वासरू घेऊन. चारही पाय त्याने छातीशी धरले होते. आजोबांनी वासरू खाली उतरवून घेतलं, तोंडातला चिकटा बोटाने पुसला, मूठभर गवत उपटून त्याच्या पाठीवर ठेवलं आणि वर हलकेच थुंकले. आशीर्वाद. वासरू पाय फाकून उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. गाय त्याला चाटू लागली, तो खरखरीत आवाज त्या शांततेत मोठा वाटत होता.

"हिचं नाव काय?" मी विचारलं.

या वेळी वाटाडा थांबला नाही, दम लागलेला असतानाच त्याने विचारून टाकलं. आजोबा माझ्याकडे वळले आणि बोलायला लागले. हाताने गाईच्या कुशीवरचे पट्टे दाखवले, मग तिच्या आईचे, मग तिच्या आईच्या आईचे, ती कुठल्या लग्नात आली, कुठल्या दुष्काळात तगली. वाटाड्याने पहिली दोन वाक्यं मला सांगितली, तिसरं अर्धं सांगितलं आणि हसून मान हलवली. एवढे शब्द त्याच्याजवळ इंग्रजीत नव्हते. आजोबा बोलतच राहिले, एक हात गाईच्या पाठीवर ठेवून.